बिनपगारी म्हणजे बिनपरवाना नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की पर्यटन पुरवण्यांत एक लेख हमखास येतो. परदेशात एखाद्या हॉस्टेलमध्ये किंवा शेतावर रोज चार-पाच तास काम करा, राहणे-जेवणे फुकट, तिकिटापुरते पैसे असले की झाले. लेखात फोटो असतात, संकेतस्थळांची नावे असतात, सामान काय न्यावे तेही असते. व्हिसाबद्दल मात्र एकच ओळ असते: ‘पगार घेत नसल्याने पर्यटक व्हिसा पुरतो’. ही ओळ काही देशांत साफ चुकीची आहे, काही देशांत अर्धीच खरी आहे, आणि तिच्या भरवशावर निघालेल्या माणसाला तिची किंमत परक्या विमानतळावर मोजावी लागते. व्हिसाचे अर्ज आणि परदेशी संस्थांचा पत्रव्यवहार हे आमचे रोजचे काम असल्याने जरा सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर कात्री जरूर लावा, पण देशवार नियमांना लावू नका.

काम म्हणजे पगार, असे आपण धरून चालतो. इमिग्रेशनचे कायदे तसे धरत नाहीत, आणि प्रत्येक देशाची कामाची व्याख्या निराळी असते. न्यूझीलंडच्या 2009 च्या इमिग्रेशन कायद्यानुसार लाभासाठी किंवा मोबदल्यासाठी केलेली कोणतीही गोष्ट काम ठरते. पैशांत किंमत करता येईल ते सगळे मोबदल्यात येते: खोली, जेवण, कपडे, गाडीतून ने-आण. सकाळी सफरचंदाच्या बागेत चार तास फळे तोडायची आणि त्या बदल्यात बागमालकाकडे मुक्काम करायचा, हे तिथे सरळसरळ काम झाले आणि त्याला काम करण्याची परवानगी देणारा व्हिसा लागतो. 1971 साली इंग्लंडमध्ये सुरू होऊन जगभर पसरलेली ‘वूफ’ ही सेंद्रिय शेतांवरच्या मुक्कामाची चळवळसुद्धा न्यूझीलंडमध्ये याच चाळणीतून जाते. याउलट स्वतःच्या खर्चाने राहून, पदरचे खाऊन कुणी किनाऱ्यावर रोपे लावायला गेला तर मोबदलाच नसल्याने ते काम ठरत नाही.

शेजारच्या ऑस्ट्रेलियात प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारतात. तुम्हाला काय मिळाले ते नंतर. त्या कामाला इथे एरवी पैसे पडतात का, ते आधी. द्राक्षे तोडणे, हॉटेलच्या खोल्या आवरणे, कॅफेत भांडी घासणे ही तिथे पगारी कामे आहेत आणि तुम्ही ती फुकट केलीत तरी ती पगारी कामेच राहतात. 600 या उपवर्गाच्या व्हिजिटर व्हिसावर 8101 क्रमांकाची ‘काम करू नये’ ही अट असते. तरी स्वयंसेवेला वाट ठेवलेली आहे. सहलीचा मुख्य हेतू पर्यटन असावा आणि स्वयंसेवा त्या ओघात घडावी. ते काम एरवी तिथल्या रहिवाशाने पगार घेऊन केले असते असे नसावे. आणि ते खरोखर स्वखुशीने, मोबदल्याविना केलेले असावे. तिन्ही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. हॉस्टेलच्या रिसेप्शनवरची ‘स्वयंसेवा’ यांतल्या दुसऱ्या गोष्टीतच नापास होते, कारण ती नसती तर मालकाला पगारी माणूस ठेवावा लागला असता.

कॅनडाची व्याख्या त्यामानाने मोकळी आहे. वेतन किंवा कमिशन मिळते ते काम, आणि कॅनडाच्या नागरिकांशी किंवा कायम रहिवाशांशी रोजगाराच्या बाजारात थेट स्पर्धा होते तेही काम. एरवी कुणी पैसे देत नाही अशा गोष्टी यात बसत नाहीत. धर्मादाय संस्थेच्या मंडळावर बसणे किंवा संकटातल्या लोकांसाठीच्या हेल्पलाइनवर थोडा वेळ फोन घेणे ही सरकारी मार्गदर्शनातलीच उदाहरणे आहेत. पर्यटकाने एखाद्या कुटुंबाच्या शेतावर एक ते चार आठवडे राहून, अर्धवेळ हात लावून, राहणे-जेवणे घेतले तरी तिथे चालते. चार आठवड्यांपुढे वर्क परमिट लागते. नातवंडे सांभाळायला जाणाऱ्या आजी-आजोबांचा प्रश्नही इथे नेहमी येतो. घरच्याच मुलांना बिनपगारी सांभाळणे कॅनडात काम धरत नाहीत. ब्रिटनमध्येही व्हिजिटर म्हणून थोड्या काळासाठी ते चालते, फक्त नातेवाइकाने तुम्हाला नोकरीवर ठेवल्यासारखी व्यवस्था नको. परक्या कुटुंबात राहून त्यांची मुले सांभाळणे, म्हणजे ‘ओ पेअर’, ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि ती पर्यटक व्हिसात बसवायला जाऊ नये.

ब्रिटनचा स्वयंसेवेचा नियम तीन कलमी आहे आणि लोक नेमके तिसरे कलम वाचत नाहीत. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा करता येते. ती सहलीचा मुख्य हेतू असू नये. सगळी मिळून 30 दिवसांपेक्षा जास्त होऊ नये. आणि संस्था इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड किंवा उत्तर आयर्लंड यांपैकी एका धर्मादाय नियामकाकडे नोंदवलेली असावी. 30 दिवस हे ‘एकूण’ आहेत. दोन संस्थांत वीस-वीस दिवस केले तर मर्यादा ओलांडली. मधल्या सुट्टीचे वारही हिशेबात धरावेत. तसे नियमात स्पष्ट लिहिलेले नाही, पण वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. नोंदणी कशी तपासायची? तिन्ही नियामकांच्या याद्या इंटरनेटवर कुणालाही खुल्या आहेत. स्कॉटलंडचा नोंदणी क्रमांक ‘एससी’ या अक्षरांनी सुरू होतो. इंग्लंड-वेल्सचा निव्वळ आकडा असतो. नाव, क्रमांक आणि पत्ता तिन्ही जुळवून पाहावे, कारण सारख्या नावांच्या संस्था पुष्कळ असतात.

या तपासणीत दोन प्रकार फसवतात. ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ ही समाजोपयोगी कंपनी असते, पण ती कंपनीच; धर्मादाय यादीत ती सापडत नाही आणि व्हिजिटर व्हिसाच्या सवलतीत बसत नाही. दुसरा प्रकार अधिक अवघड आहे. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला 5,000 पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या बहुतेक धर्मादाय संस्थांना नोंदणीची सक्ती नाही, आणि काही चर्चेसना त्याहून बऱ्याच वरच्या उत्पन्नापर्यंत सूट आहे. म्हणजे संस्था अस्सल धर्मादाय आहे, काम चांगले आहे, कायद्याने तिला नोंदणी नको आहे, आणि तरीही व्हिसाचा नियम ‘नोंदवलेली’ म्हणतो. अशा ठिकाणी जाणाऱ्याने पत्र कितीही चांगले आणले तरी नियमाच्या शब्दांत तो बसत नाही. संस्थेलाही हे बहुधा ठाऊक नसते, त्यामुळे ती बिनधास्त ‘या’ म्हणते.

ब्रिटनमध्ये आणखी एक भेद पाळतात. स्वयंसेवक हा जमेल तेव्हा येणारा माणूस असतो. ठरलेल्या तासांची हमी, गैरहजेरीचे नियम, कामाचे करारपत्र असे सगळे असले की तो बिनपगारी का होईना, कर्मचारी ठरू शकतो. त्याच्यासाठी चॅरिटी वर्कर व्हिसा आहे. होम ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचा, परवाना असलेल्या संस्थेने आधी स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र द्यावे लागते, काम संस्थेच्या मूळ उद्देशाशी जुळणारे आणि बिनपगारी हवे, मुक्काम जास्तीत जास्त 12 महिने. संस्थेने खर्चाची हमी घेतली नसेल तर अर्जदाराच्या खात्यात सलग 28 दिवस 1,270 पौंड असावे लागतात. हा अर्ज देशाबाहेरूनच करायचा असतो. व्हिजिटर म्हणून आत शिरायचे आणि मग तिथे बसून व्हिसा बदलून घ्यायचा, ही युक्ती ब्रिटनमध्ये चालत नाही. डॉक्टरांसाठी एक ओळ: व्हिजिटर व्हिसावर बिनपगारी क्लिनिकल अटॅचमेंट, म्हणजे रुग्णालयात राहून कामाचे निरीक्षण, करता येते, पण रुग्णावर उपचार करता येत नाहीत.

अमेरिकेत बहुतेकांच्या पासपोर्टवर ‘बी-1/बी-2’ असा जोड व्हिसा असतो आणि त्यामुळेच घोटाळा होतो. बी-2 हा पर्यटनाचा भाग. संघटित स्वयंसेवेच्या कार्यक्रमासाठी जायचे तर ते बी-1 खाली येते आणि त्याच्या अटी ठरलेल्या आहेत. कार्यक्रम मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा धर्मादाय संस्थेचा असावा, अर्जदार त्या संस्थेचा सदस्य असून तिच्या कामाशी बांधलेला असावा, अमेरिकेतून पगार मिळू नये. मुक्कामाच्या खर्चापुरता भत्ता किंवा भरपाई चालते. संस्थेच्या लेखी निवेदनात स्वयंसेवकाचे नाव, जन्मतारीख व जन्मस्थळ, मायदेशातला कायमचा पत्ता, अमेरिकेत प्रथम कुठे जाणार त्या जागेचे नाव व पत्ता, आणि काम किती दिवस चालेल हे सगळे असावे लागते. जन्मस्थळ आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता या दोन गोष्टी निम्म्या पत्रांत राहून जातात.

या कार्यक्रमात वस्तू विकणे आणि देणग्या मागणे किंवा स्वीकारणे बसत नाही. संस्था उत्तम, पत्र चोख, पण तिथे पोहोचल्यावर माणसाला जुन्या कपड्यांच्या दुकानात गल्ल्यावर उभे केले किंवा निधिसंकलनाच्या टेबलावर बसवले की अट मोडली. म्हणून कामाचे स्वरूप आधी लेखी मागून घ्यावे आणि ‘इतर कामे गरजेनुसार’ असा शेपूट लावलेला मजकूर काढायला लावावा. आत शिरताना अधिकाऱ्याने बी-1 मध्ये प्रवेश दिला की बी-2 मध्ये आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आय-94 च्या नोंदीत दिसते. ती नोंद इंटरनेटवर पाहता येते. चूक असल्यास ती पहिल्या काही दिवसांतच दुरुस्त करून घ्यावी. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत आय-94 ठरवते.

नफ्यासाठी चालणाऱ्या हॉस्टेल, रिसॉर्ट किंवा शेती कंपनीत अमेरिकेत ‘स्वयंसेवा’ अशी गोष्टच नसते. 1938 च्या कामगार कायद्याखाली नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी आस्थापनात माणूस स्वयंसेवक म्हणून राबू शकत नाही, आणि इमिग्रेशनच्या नियमांत वेतनाऐवजी मिळणारा इतर मोबदलाही नोकरीत धरतात. पलंग आणि नाश्ता यात आलेच.

युरोपकडे वळू. युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून असलेला शेंगेन व्हिसा तुम्हाला आत येऊ देतो. काम कशाला म्हणायचे हे त्या-त्या देशाचा कायदा ठरवतो. स्पेनमध्ये चालले म्हणून ते फ्रान्समध्ये चालेल असे नाही. दिवसांचा हिशेब मात्र सर्वत्र एकच, कोणत्याही 180 दिवसांत 90. आत आल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस मोजतात. लीप नसलेल्या वर्षी 1 जानेवारीला येऊन 31 मार्चला निघालेल्या माणसाचे 90 दिवस भरले. तो 30 जूनच्या आधी परत येऊ शकत नाही. व्हिसाच्या स्टिकरवर 30 दिवस लिहिले असतील तर तुमच्यासाठी तेवढेच, 90 चा विचारच करायचा नाही. ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांच्या जागी टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंद सुरू झाली आहे, तेव्हा पुसट शिक्क्याचा फायदा मिळण्याचे दिवसही गेले. जर्मनीसारख्या देशात तरुणांसाठी स्वयंसेवेचे रीतसर वर्ष असते, सहसा सहा ते अठरा महिन्यांचे, खर्चाला थोडे पैसे आणि विमा धरून. तेथे जायचे तर राष्ट्रीय, म्हणजे त्याच देशाचा दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा घ्यावा लागतो, संस्थेशी झालेल्या कराराच्या आधारे. पर्यटक म्हणून जाऊन ते करता येत नाही.

आशियात उदाहरणे थोडक्यात. थायलंडमध्ये संस्थेबरोबरच्या स्वयंसेवेसाठी नॉन-इमिग्रंट ‘ओ’ व्हिसा आणि वर्क परमिट अशी दुहेरी व्यवस्था आहे. पर्यटक म्हणून शाळेत शिकवणे किंवा हत्तींच्या केंद्रात राबणे नियमबाह्य. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावरच्या परदेशी माणसाला पगारी वा बिनपगारी, कोणतेच काम करता येत नाही. भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसावर येणाऱ्या पाहुण्यांना मात्र जास्तीत जास्त एक महिना, कोणत्याही स्वरूपाचा मोबदला न घेता, छोट्या मुदतीच्या स्वयंसेवेची मुभा आहे.

आता पत्राबद्दल, कारण खरी गाडी तिथे अडते. यजमान संस्था प्रेमापोटी लिहिते: ‘हे आमच्या टीममध्ये किचन असिस्टंट म्हणून सामील होत आहेत. सध्या आमच्याकडे माणसांची फार टंचाई आहे, त्यांच्याशिवाय आमचे काम थांबेल.’ वाचायला छान. व्हिसा अधिकारी यातून तीन गोष्टी वाचतो: पद आहे, जागा रिकामी आहे, आणि हा माणूस ती भरणार आहे. ‘शिफ्ट’, ‘पोझिशन’, ‘ट्रेनिंग पीरियड’, ‘राहण्या-जेवण्याच्या बदल्यात’ हे शब्दही तसेच. ते फक्त पुसून काढा असे आम्ही सांगत नाही. व्यवस्था खरोखर तशी असेल तर व्हिसाच दुसरा लागतो आणि शब्द बदलणे ही फसवणूक होईल. व्यवस्था तशी नसताना केवळ उत्साहापोटी असे शब्द पडले असतील, तर पत्र पुन्हा लिहून मागावे. चांगल्या पत्रात संस्थेचे नोंदणीतले पूर्ण नाव व क्रमांक असतो, देखरेख करणाऱ्याचे पदनाम व फोन असतो, तारखा असतात, दिवसाला अंदाजे किती तास ते असते, काम साध्या शब्दांत असते, पगार किंवा वस्तुरूप मोबदला नाही हे असते, भरपाई मिळणार असेल तर ती कशाची (बसचे प्रत्यक्ष तिकीट वगैरे) ते असते, आणि मुक्कामाचा खर्च कोण करणार ते असते. एक पान पुरते. पाच पानांची माहितीपत्रिका जोडू नये.

अर्जात सहलीचा हेतू लिहिताना प्रमाण दिसले पाहिजे. सहा आठवड्यांच्या सहलीत आठ दिवस एका संस्थेत, असा तारीखवार कार्यक्रम असेल, उरलेल्या दिवसांच्या मुक्कामांची नोंद असेल आणि तेवढा खर्च बँक खात्यात दिसत असेल, तर ‘मुख्य हेतू पर्यटन’ हे पटते. सहा आठवड्यांत पाच आठवडे एकाच पत्त्यावर असतील तर कितीही शब्द खर्चले तरी पटत नाही. पैशांची तंगी हाही इशारा समजला जातो: खात्यात दहा दिवसांचा खर्च आणि सहल चाळीस दिवसांची, मग बाकीचे दिवस कशावर काढणार, हा प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात येणारच.

सर्वांत घातक सल्ला म्हणजे ‘विमानतळावर फक्त फिरायला आलो एवढेच सांगा’. हा सल्ला बरेचदा यजमान स्वतः देतात, आणि तोही मेसेजवर, म्हणजे लेखी. सीमेवर फोन पाहण्याचे अधिकार अनेक देशांत आहेत. न्यूझीलंडमध्ये कस्टम्सने कायदेशीर कारणावरून मागितलेला पासवर्ड न दिल्यास 5,000 न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. फोनमध्ये ‘सोमवारपासून ये, सकाळची ड्यूटी तुझी’ असा मेसेज आणि तोंडी ‘फक्त फिरायला’, हे एकदा समोरासमोर आले की प्रश्न कामाचा उरत नाही, खोटे बोलण्याचा होतो. सामानातही खुणा सापडतात: स्टीलच्या टोकाचे सेफ्टी बूट, बायोडाटाच्या प्रती, मूळ पदवी प्रमाणपत्रे. कोणत्या गोष्टीला किती शिक्षा, ते पाहिले की खोटे का बोलू नये ते कळते. व्हिसा नाकारला गेला तर पुन्हा नीट अर्ज करता येतो. पण फसवणूक ठरली तर ब्रिटनमध्ये 10 वर्षे अर्ज फेटाळला जाऊ शकतो, कॅनडात 5 वर्षे बंदी, ऑस्ट्रेलियात चुकीच्या माहितीसाठी 3 आणि ओळखीबाबत फसवले असेल तर 10 वर्षे, आणि अमेरिकेत कायमची बंदी, जिच्यातून खास माफी मिळाली तरच सुटका. अमेरिकेच्या विमानतळावरून तातडीची हकालपट्टी झाली तर सहसा 5 वर्षे. आणि त्यानंतर बऱ्याच देशांच्या अर्जांत ‘आपल्याला कधी प्रवेश नाकारला आहे का’ या रकान्यात ‘होय’ लिहावे लागते.

खरे सांगणेही थोडक्यात असावे. ‘चार आठवडे फिरणार आहे, मधले सात दिवस अमुक नोंदणीकृत संस्थेच्या बागेत स्वयंसेवा करणार, हे पत्र’ एवढे पुरते. विचारल्याशिवाय समाजसेवेची आवड, बालपणीचे संस्कार वगैरे सांगत बसू नये. किनाऱ्यावरची एक सकाळची साफसफाई किंवा उद्यानातले श्रमदान यांसारख्या अचानक ठरलेल्या, सर्वांना खुल्या उपक्रमांबद्दल फार घाबरण्याचे कारण नसते. संगीत महोत्सवातल्या ‘स्वयंसेवकां’नी मात्र जरा थांबावे. तिथे तीन दिवस गेटवर उभे राहण्याच्या बदल्यात महागडे तिकीट फुकट मिळते, आणि तो मोबदला आहे. आयोजक बहुधा नफ्यातली कंपनी असते.

विम्याकडे कुणीच पाहत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे, पण प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत अंगमेहनतीचे काम, यंत्रे आणि उंचीवरचे काम वगळलेले असते. शिडीवरून पडून मनगट मोडले आणि दाव्यात ‘गोठ्याचे छप्पर दुरुस्त करताना’ असे आले की दावा अडकतो. निघण्यापूर्वी विमा कंपनीला ई-मेल करून कामाचे वर्णन द्यावे, अवजारांची नावे द्यावीत आणि ‘यास संरक्षण आहे’ असे लेखी उत्तर घ्यावे. फोनवरचे ‘हो हो, चालेल’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. यजमान ‘आमचा विमा आहे’ म्हणतात तेव्हा कोणता ते विचारावे. पब्लिक लायबिलिटी विमा सहसा तुमच्यामुळे तिसऱ्याला इजा झाली तर असतो. तुम्हाला इजा झाली तर काय, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पॉलिसीत स्वयंसेवकांचा उल्लेख आहे की नाही यावर ठरते.

मध्यस्थ कंपन्यांना मोठी रक्कम भरून जाणाऱ्यांचा समज असा की पैसे आपणच देतोय म्हणजे ते काम कसे? न्यूझीलंडच्या कसोटीवर या युक्तिवादात थोडे तथ्य निघू शकते, ऑस्ट्रेलियाच्या कसोटीवर नाही आणि ब्रिटनच्या तर अजिबात नाही, कारण तिथे संस्थेची नोंदणी पाहतात. पैसे भरताना व्हिसा नाकारला तर किती परत, यजमान संस्थेला त्यातले किती, हे लेखी घ्यावे. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबावे.

शेवटी मुलांच्या संस्थांबद्दल, कारण लेखांतले सर्वांत गोड फोटो तिथलेच असतात. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली, आणि तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या हेच या वाढीमागचे मोठे कारण मानले जाते. अनाथालयातल्या स्वयंसेवेमुळे मुलांचा व्यापार होतो ही चिंता संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2019 मधल्या ठरावात मांडली. व्हिसाशी याचा संबंध थेट आहे. इंग्लंडमध्ये मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्याची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, होते, आणि तिथल्या यंत्रणेला परदेशातल्या नोंदी दिसत नसल्याने मायदेशातले पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रही मागतात. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची अशी स्वतंत्र तपासणी आहे. याला आठवडे लागू शकतात. जी संस्था ‘पर्यटक व्हिसावर या, कागद काही नको, उद्यापासून वर्ग घ्या’ म्हणते, ती असे कुणालाही मुलांपर्यंत पोहोचू देते.

आमची आपल्याला विनंती मर्यादित आहे. असे लेख जरूर छापावेत, पण सोबत चार ओळींची चौकट असावी: त्या देशात कोणता व्हिसा लागतो, राहणे-जेवणे मोबदल्यात धरतात का, दिवसांची मर्यादा किती, आणि यजमान संस्थेची नोंदणी कुठे तपासायची. चौकटीखाली नियम कोणत्या महिन्यात, कोणत्या सरकारी संकेतस्थळावरून तपासला तेही द्यावे, कारण शुल्क आणि अटी दरवर्षी सरकतात आणि वाचक कात्रण दोन-दोन वर्षे जपून ठेवतात.

आपले,
परदेश प्रवासाच्या कागदपत्रांचे काम करणारे काही वाचक